मेनच्या आधी चालायला हवं ते फंक्शन चालतच नाही (सी, जीसीसी, लिनक्स)

पाणकावळा | सोमवार, रात्री ११:३८

मंडळी, दोन रात्री वाया गेल्या, म्हणून धागा काढतोय.

सी मध्ये एक कमांड-लाइनचं साधन लिहितोय. प्रत्येक उपकमांडची वेगळी फाइल. मेनमध्ये (प्रोग्रॅमच्या मुख्य फंक्शनमध्ये) लांबलचक यादी नको, म्हणून प्रत्येक फाइलीत एक छोटं स्टॅटिक फंक्शन ठेवलं आणि त्याला जीसीसी कंपायलरचं 'कन्स्ट्रक्टर' अ‍ॅट्रिब्यूट लावलं. मेन सुरू व्हायच्या आधीच ते चालतं आणि आपल्या कमांडचं नाव एका तक्त्यात नोंदवतं. नवी कमांड हवी तर नवी फाइल टाकायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. महिनाभर झकास चाललं.

शनिवारी आवराआवरीची हुक्की आली. कमांडच्या सगळ्या फाइली एका स्टॅटिक लायब्ररीत (डॉट-ए) घातल्या. कंपाइल झालं, लिंक झालं, वॉर्निंग एकही नाही. चालवलं तर 'अशी कमांड नाही'. तक्ता रिकामा! कन्स्ट्रक्टरमध्ये प्रिंटएफ टाकला, काही छापत नाही. ऑप्टिमायझेशन बंद केलं, 'यूज्ड' अ‍ॅट्रिब्यूट लावलं, स्टॅटिक काढून पाहिलं. ढिम्म.

त्याच फाइली लायब्ररी न करता थेट जोडल्या की सगळं चालतं. कुठे चुकतंय?

---

मावळतीचा वारा | सोमवार, रात्री ११:५५

अहो, हा तर आमच्या वेळचा मुलाखतीचा लाडका प्रश्न. मेनच्या आधी फंक्शन कसं चालवाल? उत्तर एका ओळीचं: प्राग्मा स्टार्टअप आणि पुढे फंक्शनचं नाव. टर्बो सी वर हमखास चालायचं, निळ्या पडद्यावर करून पाहिलेलं आहे. तेच लावून बघा.

---

गिरमिट | मंगळवार, रात्री १२:२०

वारेसाहेब, तो प्राग्मा बोरलँडचा. त्याला प्राधान्यक्रमही देता यायचा: ६४ ते २५५ आपल्यासाठी, त्याखालचे आकडे लायब्ररीसाठी राखीव, काहीच दिलं नाही तर १००. जीसीसीला तो ओळखीचा नाही. वॉर्निंगा चालू असतील तर 'अनोळखी प्राग्मा' म्हणून कुरकुरतो, नाहीतर गुपचूप सोडून देतो. आजही कॉलेजांतली मुलं जुन्या नोट्समधून हेच उत्तर पाठ करून येतात आणि जीसीसीवर ते का चालत नाही हे त्यांना सांगता येत नाही. असो.

पाणकावळ्या, तुझा कन्स्ट्रक्टर चालत नाहीये असं नाही. तो तुझ्या प्रोग्रॅममध्ये आलेलाच नाही. तयार झालेल्या बायनरीवर एनएम (आतली नावं दाखवणारं साधन) चालव आणि त्या फंक्शनचं नाव शोध. सापडणार नाही, पैज.

डॉट-ए म्हणजे कंपाइल होऊन आलेल्या डॉट-ओ फाइलींचं नुसतं गाठोडं. डॉट-ओ थेट दिली तर लिंकर (हे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा) ती मुकाट्याने पूर्ण घेतो. गाठोडं दिलं तर मात्र तो आधी बघतो, आत्तापर्यंत कुठल्या नावापाशी आपलं अडलंय? ते नाव ज्या डॉट-ओ मध्ये असेल तेवढीच बाहेर काढतो, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. आता तुझ्या कमांडच्या फाइलींना बाहेरून कुणी नावाने हाक मारतंय का? नाही. ती हाक मारावी लागू नये म्हणूनच तर तू हा खटाटोप केलास. कुणाचंच अडलं नाही, कुणी आत आलं नाही. 'यूज्ड' लावून उपयोग नाही, कारण ते कंपायलरला सांगणं झालं. कंपायलरने आपलं काम केलंय, फंक्शन डॉट-ओ मध्ये आहे. दार लिंकरने लावलंय.

खात्री हवी असेल तर लिंकरकडून मॅप फाइल काढून घे. तिच्या सुरुवातीलाच यादी असते, गाठोड्यातली कोणती फाइल कुणाच्या मागणीवरून आत घेतली त्याची. त्यात तुझ्या कमांड नसणार.

उपाय तीन. एक, लायब्ररीच्या आधी लिंकरला 'होल-आर्काइव्ह' सांग आणि तिच्यानंतर न विसरता 'नो-होल-आर्काइव्ह'. विसरलास तर जीसीसी शेवटी स्वतःच्या लायब्रऱ्या जोडतो, त्याही अख्ख्या आत येतात आणि भलत्याच चुकांचा पाऊस पडतो. दोन, गाठोडं बांधूच नकोस, डॉट-ओ थेट दे. तिसरा उपाय तुला आवडणार नाही: हाताने यादी लिही.

---

अर्धवटराव | मंगळवार, सकाळी ८:०५

मेनच्या आधीही काही चालतं हे आजच कळलं. आम्हाला कॉलेजात सांगितलं होतं की प्रोग्रॅम मेनपासून सुरू होतो आणि मार्कही त्याचेच मिळाले होते. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

गिरमिट | मंगळवार, सकाळी ९:४०

मार्क परत करायला नकोत. सी च्या मानकानुसार नेहमीच्या संगणकावर पहिलं बोलावलं जाणारं फंक्शन मेनच. पण बोलावणारा कुणीतरी लागतोच ना?

लिनक्सवर कर्नल बायनरीच्या मथळ्यातला एन्ट्री पॉइंटचा पत्ता वाचतो. रीडएल्फ या साधनाने तो दिसतो आणि तो मेनचा नसतो, 'अंडरस्कोअर स्टार्ट' नावाच्या चिमुकल्या असेंब्ली कोडचा असतो. हा कोड सीआरटी१ डॉट-ओ मधून येतो, जीसीसी न विचारता जोडतो. डायनॅमिक बायनरी असेल तर त्याच्याही आधी डायनॅमिक लोडर चालतो: लायब्रऱ्या आणतो, पत्ते जुळवतो आणि प्रत्येक लायब्ररीचे कन्स्ट्रक्टर चालवतो. जिच्यावर दुसरी अवलंबून आहे तिचे आधी. मग 'स्टार्ट' कडे ताबा जातो, तो जीलिबसीच्या (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या) 'लिबसी-स्टार्ट-मेन' ला बोलावतो, ते आपल्या प्रोग्रॅमचे कन्स्ट्रक्टर उरकतं आणि मग कुठे मेन. मेनने परत दिलेला आकडा एक्झिटच्या हाती देणारंही तेच.

कन्स्ट्रक्टरमध्ये जादू काही नाही. कंपायलर त्या फंक्शनचा पत्ता 'डॉट इनिट-अ‍ॅरे' नावाच्या सेक्शनमध्ये टाकतो. लिंकर सगळ्या फाइलींमधले पत्ते एका रांगेत लावतो. सुरुवातीचा कोड रांगेवरून चालत जातो आणि एकेकाला बोलावतो. इतकंच.

'स्टार्ट' चं महत्त्व पटवून घ्यायचं असेल तर 'नो-स्टार्ट-फाइल्स' देऊन स्वतःचं 'स्टार्ट' सी मध्ये लिहा आणि त्यातून सरळ रिटर्न करा. ६४ बिटांच्या इंटेलवर डीबगर सांगेल की प्रोग्रॅम १ या पत्त्यावर पडला. कारण त्या क्षणी स्टॅकच्या टोकाला परतीचा पत्ता नसतोच, आर्गसी (कमांडच्या ओळीतल्या शब्दांची संख्या) असतो, आणि नुसतं नाव टाइप करून चालवल्यावर आर्गसी १ असतो. परतायला घरच नाही!

---

निवडुंग | मंगळवार, दुपारी १:१५

हे सगळं वाचून माझा एकच प्रश्न. मेनच्या आधी काही करायची खरंच गरज काय? मेनच्या पहिल्या ओळीत 'तयारी' नावाचं फंक्शन बोलवा, विषय संपला. हुशारी दाखवायची म्हणून कोड लपवून ठेवायचा आणि मग दोन रात्री तो शोधत बसायचं. (ह. घ्या.)

---

भुईनळा | मंगळवार, रात्री ९:३०

निवडुंगराव, संगणकावर तुमचं म्हणणं निम्मं मान्य. पण चिपवर कधीकधी मेनची पहिली ओळसुद्धा फार उशिरा येते. माझीच फजिती सांगतो.

शेतासाठी मातीच्या ओलीची नोंद ठेवणारा एक डबा बनवला होता. चिप एटीमेगा ३२८पी. बॅटरी टिकावी म्हणून आतलं १२८ किलोहर्ट्झचं घड्याळ वापरलं. (अवांतर: असं केलंत तर आयएसपीचा (चिपमध्ये प्रोग्रॅम भरण्याचा) वेग चिपच्या घड्याळाच्या पावपटीहून कमी ठेवा, नाहीतर प्रोग्रॅमर चिपशी बोलतच नाही. मी ती चिप मेली म्हणून डबीत टाकून दिली होती.) अडकला तर आपोआप पुन्हा सुरू व्हावा म्हणून वॉचडॉग लावला. टेबलावर छान चाललं. बांधावर लावल्यावर एक दिवस कुठेतरी अडकला, वॉचडॉगने रिसेट केलं आणि तेव्हापासून मढ्यासारखा. वीज काढून परत दिली की चालू, पुन्हा एकदा रिसेट झाला की मेला.

कारण असं: या चिपवर वॉचडॉगने रिसेट केलं की त्यानंतरही वॉचडॉग चालूच राहतो, आणि तोही सगळ्यात कमी मुदतीवर, सुमारे १६ मिलिसेकंद. तेवढ्यात तो बंद करायचा किंवा त्याला थोपटायचं. मी मेनच्या पहिल्याच ओळीत बंद करत होतो. पण मेनच्या आधी सुरुवातीचा कोड बीएसएस, म्हणजे शून्य असायला हव्यात त्या सगळ्या ग्लोबल जागा, पुसून काढतो. माझा नोंदींचा बफर दीड हजार बाइटचा. प्रत्येक बाइटला ६ सायकल धरा, ९ हजार सायकल झाल्या. १२८ किलोहर्ट्झवर त्याला ७० मिलिसेकंद लागतात. १६ मिलिसेकंदाला वॉचडॉग चावायचा, पुन्हा पहिल्यापासून पुसणं सुरू, पुन्हा चावा. बिचारं मेनपर्यंत पोचायचंच नाही.

एव्हीआरच्या (एटीमेगा ज्या कुळातली, त्या चिपांच्या) सी लायब्ररीत सुरुवातीचा कोड 'डॉट इनिट-०' ते 'डॉट इनिट-९' अशा पायऱ्यांत कापलेला असतो. २ मध्ये स्टॅक उभा राहतो, ४ मध्ये डेटा उतरवणं आणि बीएसएस पुसणं, ६ मध्ये कन्स्ट्रक्टर, ९ मधून मेनला हाक. ३ नंबरची पायरी आपल्यासाठी मोकळी. वॉचडॉग बंद करणारं फंक्शन तिथे टाकलं आणि डबा जिवंत झाला.

त्यात दोन खड्डे आहेत. ते फंक्शन 'नेकेड' हवं, कारण त्याला कुणी बोलावत नाही. वरच्या पायरीवरून कोड घसरत त्यात येतो आणि खालच्या पायरीवर घसरत जातो. शेवटी रिटर्नची सूचना आली तर स्टॅकवरचा कचरा पत्ता समजून भलतीकडे उडी. दुसरा खड्डा मजेदार. रिसेट कशामुळे झाला हे सांगणारं रजिस्टर तिथेच वाचून एका ग्लोबलमध्ये ठेवलं, पण मेनमध्ये बघतो तर कायम शून्य. अर्थातच! मी ३ नंबरच्या पायरीवर लिहिलं आणि ४ नंबरने इमानेइतबारे पुसलं. तो ग्लोबल 'डॉट नो-इनिट' सेक्शनमध्ये हलवला तेव्हा टिकला.

तेव्हा मेनच्या आधी काय करावं, याचं माझ्यापुरतं उत्तर: जे मेनमध्ये करून चालणारच नाही तेवढंच.

---

निवडुंग | मंगळवार, रात्री ९:५२

दंडवत. माझं विधान 'संगणकापुरतं' असं दुरुस्त करून घेतो.

---

पाणकावळा | मंगळवार, रात्री ११:१०

गिरमिट पैज जिंकले. एनएममध्ये एकाही कमांडचा मागमूस नव्हता. होल-आर्काइव्ह लावलं, सगळ्या कमांड आल्या...

...आणि आता मेनच्या आधीच सेगमेंटेशन फॉल्ट. डीबगरमध्ये माग काढला तर 'स्टार्ट', मग 'लिबसी-स्टार्ट-मेन', मग 'कॉल-इनिट', मग माझं नोंदणीचं फंक्शन, आणि तक्त्याचा पॉइंटर नल (रिकामा). तक्त्यासाठी मॅलॉक करणारं (मेमरी मागून घेणारं) फंक्शनही कन्स्ट्रक्टरच आहे, ते वेगळ्या लायब्ररीत, तिचं नाव लिंकच्या ओळीत शेवटी. आधी कसं चालत होतं मग?

---

चाफेकळी | बुधवार, सकाळी ७:२५

आधी नशिबाने चालत होतं. थेट डॉट-ओ देताना तक्त्याची फाइल ओळीत पहिली असणार, म्हणून तिचा पत्ता रांगेत पहिला. आता ती शेवटी गेली, म्हणून कमांड आधी नोंदायला आल्या आणि वहीच उघडलेली नाही. दोन फाइलींतल्या कन्स्ट्रक्टरचा क्रम लिंकच्या ओळीवर सोडायचा नसतो. जीसीसी ४.७ च्या आधी तर 'डॉट सीटर्स' नावाचा जुना सेक्शन होता आणि तो उलटा, शेवटून पहिल्याकडे वाचला जायचा. तेव्हाच्या कंपायलरवर तुझा आजचा प्रोग्रॅम चालला असता आणि कालचा पडला असता!

कन्स्ट्रक्टरला क्रमांक देता येतो. १०० पर्यंतचे राखीव, आपल्याला १०१ पासून. लहान आकडा आधी चालतो. तक्त्याला १०१ दे, काम होईल.

पण मी तसं करणार नाही. तक्त्याला कन्स्ट्रक्टर हवाच कशाला? साखळी कर. प्रत्येक कमांडच्या फाइलीत एक स्टॅटिक स्ट्रक्ट, त्यात नाव, फंक्शन आणि 'पुढचा' हा पॉइंटर. साखळीचं डोकं म्हणजे एक साधा ग्लोबल पॉइंटर. सी मध्ये ग्लोबलची सुरुवातीची किंमत स्थिर पदावलीच लागते, त्यामुळे ती बसवायला कुठलाही कोड चालावा लागत नाही. पहिला कन्स्ट्रक्टर चालायच्या आधीच ते डोकं नल असतं. मग कुणीही कुठल्याही क्रमाने येऊन साखळीत अडकू दे. मॅलॉक नको, क्रमांक नको. सी++ वाल्यांना हे सुख नाही, तिथे ग्लोबल ऑब्जेक्टचा स्वतःचाच कोड चालतो आणि दोन फाइलींत आधी कोण, यावर आयुष्यं गेलीत.

आता गाऱ्हाणं. मेनच्या आधीचा कोड फक्त आपणच लिहितो असं नाही, न लिहिताही येतो. मी आकडेमोडीचं काम करते. एक गणन अतिसूक्ष्म संख्यांपाशी नीट सावकाश शून्याकडे जायला हवं होतं, ते एका ठिकाणी टुणकन शून्य होत होतं. माझा कोड तोच, फक्त एक नवी लायब्ररी जोडलेली, जिच्यातलं एकही फंक्शन त्या गणनात नव्हतं. आठवडा गेला. ती लायब्ररी 'फास्ट-मॅथ' देऊन बांधलेली होती. तो पर्याय लिंक करताना दिला की जीसीसी एक जास्तीची डॉट-ओ जोडायचा आणि तिच्यात एक कन्स्ट्रक्टर असायचा. प्रोसेसरच्या एमएक्ससीएसआर रजिस्टरमधले दोन बिट तो चालू करतो आणि तिथून पुढे १० चा उणे ३०८ वा घात याच्या आसपासच्या मर्यादेखालचे दुहेरी अचूकतेचे आकडे सरळ शून्य धरले जातात. त्या लायब्ररीपुरते नाही, त्या थ्रेडमध्ये सगळीकडे, आणि त्याने पुढे काढलेल्या थ्रेडांतही. पाहुणा घरात पाय ठेवायच्या आधीच आपल्या घड्याळाचे काटे फिरवून जातो, असला प्रकार. शेअर्ड लायब्ररी बांधताना ती फाइल जोडणं जीसीसी १३ ने थांबवलं, पण जुन्या कंपायलरने बांधलेल्या लायब्रऱ्या अजून फिरतायत.

---

रातकिडा | बुधवार, सकाळी ११:००

चाफेकळीताईंच्या पाहुण्यावरून आठवलं. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेली एक्सझेडची (फाइली दाबून लहान करणारं साधन आणि त्याची लायब्ररी) भानगड. आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा. तो तर कन्स्ट्रक्टरच्याही आधी घुसायचा. आयफंक नावाची सोय आहे: एकाच फंक्शनच्या अनेक आवृत्त्यांतली या प्रोसेसरला योग्य कोणती, हे ठरवणारं छोटं फंक्शन लोडर पत्ते जुळवतानाच चालवतो. त्याच फटीतून तो आत शिरला. एसएसएचचा सर्व्हर ही लायब्ररी स्वतः मागतही नव्हता; काही वितरणांनी त्याला सिस्टमडीची (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) लायब्ररी जोडली होती आणि तिच्या शेपटाला धरून ही आली. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेसवाला माणूस, त्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून पकडलं गेलं.

लोडर कुणाला कधी बोलावतो हे बघायचं असेल तर एलडी-डीबग या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलला 'फाइल्स' ही किंमत देऊन कुठलाही प्रोग्रॅम चालवा. साधं एलएस सुद्धा मेनच्या आधी किती जणांना नमस्कार करतं ते दिसतं.

---

शेवगा | बुधवार, दुपारी ४:४०

विंडोजवाल्यांची हजेरी. आमच्याकडे 'डॉट सीआरटी' सेक्शन, डॉलरपुढच्या अक्षरांच्या वर्णक्रमाने लिंकर त्यांची रांग लावतो. त्याच्याही आधी टीएलएस (थ्रेड-लोकल स्टोरेज) कॉलबॅक, एन्ट्री पॉइंटच्या अगोदर. व्हायरस लिहिणाऱ्यांची ती आवडती जागा, कारण नवशिका माणूस डीबगरमध्ये एन्ट्री पॉइंटला ब्रेकपॉइंट लावून वाट बघत बसतो आणि कार्यक्रम आधीच उरकलेला असतो.

---

भुईनळा | बुधवार, सायंकाळी ६:१५

पाणकावळा, कधी हे चिपवर नेलंस तर आणखी एक. तिथे जागा वाचवायला न वापरलेले सेक्शन लिंकरकडून कापून टाकतात. लिंकर स्क्रिप्टमध्ये इनिट-अ‍ॅरेभोवती 'कीप' लिहायचं राहिलं की कन्स्ट्रक्टरही कापले जातात, पुन्हा एका शब्दाची वॉर्निंग न देता. लक्षण तुझ्यासारखंच, कारण वेगळं.

---

निवडुंग | बुधवार, सायंकाळी ६:४०

माझ्याकडून एक काडी. जीलिबसीऐवजी मुसल ही सी लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर, म्हणजे अल्पाइन वगैरे, कन्स्ट्रक्टरमध्ये आर्गसी आणि आर्गव्ही मिळतील या भरवशावर राहू नका. जीलिबसी ते देतं म्हणून लोक बिनधास्त वापरतात. मुसल देत नाही, हाती येतो तो कचरा. मेनमध्ये मात्र ते सगळीकडे मिळतात. काय योगायोग!

---

पाणकावळा | गुरुवार, रात्री १०:२५

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो.

आधी चाफेकळीताईंची साखळी लावली. चालली. क्रम उलटसुलट करून पाहिला, तरी चालली. मग होल-आर्काइव्ह मेकफाइलमध्ये लिहायला गेलो आणि मनात आलं, सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी ही लायब्ररी जोडली आणि हा शब्द विसरला, तर तोही दोन रात्री बसेल. त्याला तर 'कमांड नाही' एवढंच दिसेल.

म्हणून शेवटी गिरमिटांचा तिसरा, न आवडणारा उपाय. एक फाइल, एक स्थिर तक्ता, १७ ओळी. नाव चुकलं तर लिंकर बोंब मारतो, आणि बोंब मारतो याचंच आता कौतुक वाटतं.

एक कन्स्ट्रक्टर अजून ठेवलाय, तात्पुरती फाइल बनवणारा, आणि जोडीला ती पुसणारा डिस्ट्रक्टर. पण कंट्रोल-सी दाबलं की फाइल मागे राहते. डिस्ट्रक्टर का चालत नाही?

---

गिरमिट | गुरुवार, रात्री १०:५०

कारण तो एक्झिटच्या वाटेवर बसलेला असतो. मेन परतलं किंवा कुणी एक्झिट बोलावलं तरच गाडी त्या वाटेने जाते. सिग्नलने प्रोग्रॅम मारला की कर्नल जागच्या जागी गाशा गुंडाळतो. हँडलरमध्ये नुसता झेंडा वर कर आणि मेनमधून नीट परत ये. किंवा फाइल उघडल्या उघडल्या अनलिंक कर, नाव जातं पण उघडलेली फाइल वापरता येते, आणि प्रोग्रॅम कसाही मेला तरी जागा मोकळी होते.

आणि त्या फाइलीला तरी कन्स्ट्रक्टर कशाला लागतोय? 'कमांड नाही' एवढं छापण्यासाठीसुद्धा तू डिस्कवर फाइल बनवतोयस.

---

पाणकावळा | गुरुवार, रात्री १०:५८

...काढला.